कडगावच्या पुढं

गारगोटी सुटली की एसटीसुद्धा विचार करून येते.
कडगावच्या पुढं तर रस्ता नुसता पडून असतो,
मधोमध वाळलेलं शेण, कडेला पेंढ्या,
आणि आम्ही दोघं,
मी आणि दस्तगीर शिकलगार.
उद्यमनगरात एका पत्र्याखाली
अठ्ठावीस वर्षं लेथपुढं उभी काढलेली माणसं
आता बसून चाललोय, दोन जुन्या सायकलींवर.
कॅरियरला घोंगडी एकेक,
पंप दोघांत मिळून एक.

मागचं मोठं चक्र दस्तगीरनं स्वतः केलंय,
शेवटच्या आठवड्यात, सुपरवायझरच्या डोळ्याआड,
एकेक दाता कानशीनं घासून.
"चढाला बोलू नगंस," तो मला सांगतो
आणि स्वतः बोलत राहतो.

चढ लागतो तेव्हा चढ दिसत नाही.
आधी गुडघ्याला कळतो, मग छातीला,
डोळ्याला सगळ्यात शेवटी.
तोवर खालची भातं ताटाएवढी झालेली,
आणि वरून सड्याचा वारा
कातळावरचं वाळकं गवत हुंगत येतो.

थांबलो, पाणी प्यायलो.
तेव्हा ऐकू आली ती बारीक शिट्टी,
डाव्या कानातली, लेथची, घरी आणलेली.
शहरात ती कधी एकटी सापडत नाही.
इथं आजूबाजूला काहीच नव्हतं तिला झाकायला.
मीही नाही झाकली. वाजू दे म्हटलं.

पुढच्या वळणावर गवा.
रस्त्याच्या मधोमध, चारी पायांत पांढरे मोजे घातल्यागत,
आमच्याकडं बघत नव्हता, आमच्यातनं पलीकडं बघत होता.
पहिल्यांदा दस्तगीर गप्प झाला.
वीस मिनिटं असतील. ब्रेक आवळून धरलेले,
उभ्या सायकलींचे.
मग कारवीत काहीतरी मोडलं
आणि रस्त्यावर फक्त त्याची ऊब राहिली, वास राहिला.
दस्तगीर म्हणाला, "हॉर्न न्हाई आपल्याकडं, बरं झालं."

धनगरवाड्याच्या अलीकडं डांबरावर नाचणी पसरलेली,
कणसांची, विटकरी, पंधरा-वीस पावलं लांब.
आम्ही उतरलो. उचलून कडेनं न्यायला लागलो
तर बांधावरनं बाई ओरडली,
"उतरू नगासा! घाला की चाकं तेच्यावरनं!"
सकाळधरनं बसली होती ती.
गाड्यांच्या चाकाखाली मळून निघंल म्हणून टाकलेली नाचणी
आणि एक गाडी आलेली नाही.
"दूधवाला तेवढा आलता पहाटं, त्यो बी पांदीनं गेला."
"कुठनं आलासा?"
"कोल्हापुरास्नं."
"सायकलीवर? मग मोटारीला काय झालं?"
"मोटार न्हाई."
"आन् काम काय काढलंसा हिकडं?"
"काम काय न्हाई."
तिनं यावर जरा विचार केला.
"मग बरं हाय. कामाची माणसं हितं थांबत न्हाईत."

इतके दिवस मी शांत रस्ते शोधत फिरलोय,
नकाशावर बारीकात बारीक रेघ बघून.
त्या रेघेच्या काठी कुणी गाडीची वाट बघत बसलं असेल
हे डोक्यात आलं नव्हतं.

आम्ही फेऱ्या मारल्या.
या टोकापासून त्या टोकाला, वळून परत,
चाकाखाली नाचणी कुरकुरायची
आणि दस्तगीर मोजायचा मोठ्यानं, जसे जॉब मोजायचा.
"वजनच न्हाई तुमच्यात," बाई हसत होती,
काठीनं कणसं उलटीपालटी करत.
चाळीस झाल्या तेव्हा ऊन कलंडलं.
तिनं ताक दिलं, पैशाचं नाव काढू दिलं नाही.

मग पाटगावचा उतार.
पायडल थांबलेले, फ्रीव्हील किर्रर्र,
त्यात कानातली शिट्टी कुठं मिसळली कळलं नाही.
धरणाचं पाणी झाडांतनं येत-जात होतं.

रात्री देवळाच्या ओवरीत
दस्तगीर पँटची दुमड उलटून बसला होता.
तळव्यावर नाचणी, मोहरीपेक्षा बारीक.
मला वाटलं झोपला.
बऱ्याच वेळानं अंधारातनं म्हणाला,
"निम्मी बी निघाली नसंल रे.
उद्या त्याच वाटंनं जाऊ."